अठरा फुटांचा रस्ता: मळ्यातली एटीव्ही, एक अपघात आणि नसलेली कागदपत्रे

नाशिकहून दिंडोरी किंवा गिरणाऱ्याच्या बाजूला निघालं की द्राक्षबागांच्या कडेला आता एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या, कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकी गाड्या, उभ्या दिसतात. कुठे त्यावरून क्रेट वाहिले जातात, कुठे औषधाची टाकी, आणि जिथे मळ्यात पर्यटक राहायला येतात तिथे त्यांना बागेभोवती फेरी घडवली जाते. या यंत्रांबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: गाडी शेतातली आहे, त्यामुळे पासिंग नको, विमा नको, लायसन नको. हा समज किती महागात पडतो ते पुढच्या प्रकरणावरून कळेल.

हे प्रकरण कुणा एका मळ्याचं नाही. अशा दाव्यांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे, आणि रकमा हिशेब उलगडावा म्हणून घेतल्या आहेत. कलमं आणि निवाडे मात्र खरे आहेत.

घडलं काय

सात एकर द्राक्षबाग, पण दोन गटांत विभागलेली. एका गटात चार एकर बाग आणि पॅकिंग शेड. दुसऱ्यात तीन एकर बाग आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. मधून अठरा फुटी डांबरी ग्रामीण रस्ता जातो. मालकाकडे दोन एटीव्ही, एक कामाची आणि एक पाहुण्यांची. दोन्हींच्या बिलावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असा शिक्का. बिल आणि वॉरंटी कार्ड सोडलं तर कागद म्हणून काहीच नाही. कामाच्या एटीव्हीमागे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली दोनचाकी ट्रॉली. तिला ब्रेक नाही, मागे रिफ्लेक्टर नाही.

मार्चमधली सकाळ, काढणी जोरात. चोवीस वर्षांचा कामगार बारा भरलेले क्रेट, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास माल, ट्रॉलीत घालून शेडकडे निघतो. बांधातल्या खिंडीतून गाडी रस्त्यावर येते. दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी लावलेली शेवरी इतकी दाट आहे की रस्ता चाळीस मीटरपलीकडे दिसत नाही. दिंडोरीकडून आलेली मोटरसायकल ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळते. स्वाराच्या उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडते. शस्त्रक्रिया, प्लेट, चार महिने घरी.

इथे एक साधं गणित मांडून पाहायला हवं, कारण पुढे निष्काळजीपणा ठरवताना तेच पुढे येतं. एटीव्ही आणि ट्रॉली मिळून चार मीटर, रस्ता साडेपाच मीटर. म्हणजे पूर्ण पलीकडे जायला साडेनऊ मीटर कापावे लागतात. भरलेल्या ट्रॉलीसह थांब्यावरून निघालेली गाडी ताशी पाच किलोमीटरने गेली तर त्याला जवळजवळ सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी पन्नासने येणारी मोटरसायकल पंचाण्णव मीटर पुढे येते. दिसतात चाळीस. अडथळा दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हातात तीन सेकंदही नाहीत. त्या खिंडीतून, कुणी उभं राहून रस्ता अडवल्याशिवाय, सुरक्षित ओलांडणं शक्यच नव्हतं. कामगाराने दोन्हीकडे पाहिलं होतं की नव्हतं, याने फारसा फरक पडत नाही.

त्यात यंत्राची घडण. अनेक एटीव्हींच्या मागच्या आसाला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. मातीत चाक थोडं घसरतं म्हणून वळण जमतं. डांबरावर चाक पकडून बसतं आणि गाडी वळायला नकार देते. टायर मऊ, दाब जेमतेम चार-पाच पीएसआय, गुंड्या मोठ्या, त्यामुळे डांबरावर ब्रेकची पकडही कमी. कंपनी ‘ऑफ-रोड’ लिहिते ती निव्वळ औपचारिकता नसते. आणि तीच पाटी दाव्यात मालकाच्या विरोधात वाचली जाते: रस्त्यासाठी नाही हे माहीत असून गाडी रस्त्यावर का आणली?

पहिले दोन दिवस

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी. ‘आपसात मिटवू, खर्च देतो’ म्हणून तक्रार लांबवली जाते, ही इथली पहिली चूक. दवाखान्यातून अपघाताची नोंद पोलिसांकडे जातेच, आणि उशीर झाला की तो लपवाछपवीसारखा दिसतो.

१ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय नियमांत अपघाताच्या तपासाचं ठरलेलं वेळापत्रक आहे. पहिला अपघात अहवाल अट्ठेचाळीस तासांत, चालकाने आणि मालकाने आपापली माहिती ठरलेल्या नमुन्यात तीस दिवसांत, आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. मालकाच्या नमुन्यात नोंदणी, विमा, चालकाचं लायसन असे रकाने असतात. या प्रकरणात तिन्ही रिकामे. कामगाराकडे फक्त दुचाकीचं लायसन.

गाडी जप्त होते आणि इथेच मालकाला पहिला धक्का बसतो. विमा असलेली गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे गरज पडली की हजर करू अशा हमीवर, काही दिवसांत सुटते. विमा नसलेली गाडी मात्र नुकसानभरपाईपोटी पुरेसा जामीन दिल्याशिवाय सुटत नाही. तो दिला नाही तर तीन महिन्यांनी तिचा लिलाव होऊ शकतो आणि पैसे न्यायाधिकरणाकडे जमा होतात. काढणीच्या हंगामात यंत्र पोलीस ठाण्याच्या आवारात उभं.

दंड वेगळेच. विनानोंदणी गाडी चालवल्याबद्दल कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत. विमा नसल्याबद्दल कलम १९६ खाली दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. योग्य लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याबद्दल मालकावर कलम १८०, चालवणाऱ्यावर १८१. चालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीसाठी १२५. पण या दंडांच्या आकड्यांकडे पाहून कुणी सुस्कारा सोडू नये. खरा खर्च पुढे आहे.

‘ही मोटार गाडीच नाही’

मालकाचा वकील पहिल्यांदा हाच मुद्दा मांडतो, आणि मुद्दा पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार गाडी म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगं यांत्रिक वाहन. त्यातून रुळांवरची वाहनं सोडून आणखी दोन गोष्टी वगळल्या आहेत. एक, कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन. दुसरी, चारपेक्षा कमी चाकं आणि पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन.

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये बोलानी ओअर्सच्या खटल्यात खाणीतले डंपर आणि रॉकर यांचा विचार केला. ही वाहनं नोंदणीयोग्य आहेत, पण केवळ खाणीच्या आवारात चालतात तोवर त्यांच्यावर रस्ताकर नाही, असा निकाल लागला. २०२५ मध्ये ताराचंद लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात, पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरलेल्या वाहनांना मोटार कर लागत नाही असं न्यायालयाने सांगितलं. हे निवाडे दाखवून विक्रेते आणि सल्लागार ‘खासगी जागेत काहीच लागत नाही’ असं सांगतात. पण दोन्ही निवाडे कराबद्दल आहेत. त्यांचा आधार ‘बाहेरच्या रस्त्यावर पाऊल नाही’ हा आहे. ज्याची गाडी हंगामात रोज दहा वेळा रस्ता ओलांडते त्याला तो आधार नाही. ‘आवारातच’ मधला ‘च’ तिथेच गळून पडतो. चार चाकं, शेकडो सीसीचं इंजिन, हेडलाइट आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचा वापर इतकं समोर असताना न्यायाधिकरण तिला मोटार गाडी धरणार, हे गृहीत धरूनच मालकाने पुढचं पाहावं.

आता समजा अपघात रस्त्यावर न होता कुंपणाच्या आत, पाहुण्यांच्या ट्रॅकवर झाला असता. मग सुटका होती का? सक्तीचा विमा कलम १४६ प्रमाणे ‘सार्वजनिक ठिकाणी’ गाडी वापरण्यासाठी लागतो, आणि कलम २(३४) ची व्याख्या लोकांना जाण्याचा हक्क असलेल्या जागेबद्दल बोलते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या प्रकरणात १९८८ मध्ये हा शब्द व्यापक अर्थाने घेतला. जागा खासगी असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मुक्त असो वा नियंत्रित, तर ती या कायद्यासाठी सार्वजनिक जागा. तिकीट फाडून, फाटकावर नाव लिहून घेतलेला पाहुणा म्हणजे नियंत्रित प्रवेशच. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी पर्यटन केंद्राच्या मालकाने हा निवाडा माहीत करून घेतला पाहिजे. नुसत्या तारेच्या कुंपणाने जागा खासगी राहत नाही.

पैसे

जखमी बत्तीस वर्षांचा, स्वतःचं छोटं दुकान, महिना अठरा हजार उत्पन्न. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व बरंच जास्त लिहिलं असलं तरी न्यायाधिकरण त्याच्या कामावर किती परिणाम झाला ते पाहतं. समजा तो पंधरा टक्के धरला.

वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार, म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवून ३,०२,४००. एकतीस ते पस्तीस वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, सोळा. ३,०२,४०० × १६ × १५ टक्के म्हणजे ७,२५,७६०. दवाखान्याचा खर्च २,४०,०००. चार महिन्यांचं बुडालेलं उत्पन्न ७२,०००. वेदना, ये-जा, मदतनीस मिळून ५०,०००. एकूण १०,८७,७६०. निकालाला तीन वर्षं लागली आणि सात टक्के व्याज लागलं तर आणखी सव्वादोन लाखांहून जास्त. तेरा लाखांच्या पुढे. जखमीने दोषाचा वाद न घालता कलम १६४ चा रस्ता धरला तरी गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख ठरलेले आहेत, आणि विमा कंपनी नसेल तर तेही मालकाच्याच माथी.

कामगाराकडे योग्य लायसन नव्हतं, ही चूकसुद्धा विमा असता तर इतकी जीवघेणी ठरली नसती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निवाड्यापासून अशा प्रकरणांत साधारणपणे विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि नंतर मालकाकडून वसुलीची मुभा देतात. ती सोय पॉलिसी अस्तित्वात असेल तरच. इथे पॉलिसीच नाही.

मालकाने रक्कम भरली नाही तर कलम १७४ आहे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवू शकतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. द्राक्षबागायतदाराला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढला की पुढच्या हंगामाचं पीककर्ज अडतं.

घरात चार पॉलिसी होत्या, कामाची एकही नव्हती

याच भागावर जास्त थांबायला हवं, कारण हा मालक बेफिकीर नव्हता. ट्रॅक्टरची पॉलिसी होती, खोल्या आणि शेडसाठी आगीची होती, पाहुण्यांसाठी सार्वजनिक दायित्वाची होती, कामगारांसाठी नुकसानभरपाईची होती. तरीही मोटरसायकलवाल्याच्या दाव्याला एकही लागू पडत नाही.

ट्रॅक्टरची पॉलिसी त्या चासी क्रमांकाच्या ट्रॅक्टरपुरती. ट्रॉली ‘ट्रॅक्टरचीच आहे’ म्हणून भागत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते आणि तिचा थर्ड पार्टी हप्ताही पॉलिसीवर वेगळा दिसावा लागतो. कांद्याच्या ट्रॉल्यांच्या बाबतीतही जिल्ह्यात हीच गफलत दिसते: पुढच्या ट्रॅक्टरचा विमा चालू, मागच्या ट्रॉलीचा उल्लेखच नाही.

आगीची पॉलिसी मालमत्तेची, तिचा इथे संबंध नाही. कामगारांची पॉलिसी कामगाराला इजा झाली तर. या अपघातात त्याला खरचटलं असतं तर त्याच्यापुरती उपयोगी, मोटरसायकलवाल्यासाठी नाही.

राहिली सार्वजनिक दायित्वाची. मालकाची सगळी भिस्त तिच्यावर होती. पण या पॉलिसींच्या अपवादांत साधारणपणे एक वाक्य असतं: कायद्याने ज्या वाहनाचा विमा सक्तीचा आहे, त्या वाहनाच्या वापरातून आलेलं दायित्व वगळलं आहे. आता पेच पाहा. एटीव्ही मोटार गाडी आहे असं न्यायाधिकरणाने म्हटलं की ही पॉलिसी त्याच वाक्यावर बोट ठेवून बाजूला होते, आणि मोटार पॉलिसी तर काढलेलीच नाही. दोन पॉलिसींच्या मधल्या या फटीतच मालक अडकतो. म्हणून सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी घेताना प्रस्तावपत्रात यंत्राचं नाव, सीसी, चासी क्रमांक, संख्या आणि वापर लिहायचा. ‘पाहुण्यांना फेरी घडवली जाते, गाडी आवाराबाहेर नेली जात नाही’ असं स्पष्ट लिहायचं आणि कंपनीकडून लेखी मागायचं की हा वापर पॉलिसीत धरला आहे. साहसी खेळ वगळल्याचं वेगळं कलम असेल तर ते काढून घ्यायचं किंवा जादा हप्ता भरून झाकायचं. एजंटचं तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी कुठेच सापडत नाही. प्रस्तावपत्राची भरलेली प्रत मात्र सापडली पाहिजे. ती सहसा कुणीच ठेवत नाही.

मग करायचं काय

यंत्र घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: हे चाक कुठेकुठे फिरणार? उत्तरात रस्ता असेल, मग तो अठरा फुटांचा का असेना, तर नोंदणी होणारंच वाहन घ्यायचं. मंजूर प्रकारचं मॉडेल आहे का हे विक्रेत्याला लेखी विचारायचं. असेल तर त्याच्याकडून फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र आणि कंपनीचा फॉर्म २२ म्हणजे रस्त्यायोग्यतेचा दाखला मिळतो, आणि फॉर्म २० वर नोंदणीचा अर्ज होतो. फॉर्म २२ देता येत नाही असं विक्रेता म्हणाला की विषय संपला, पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात कितीही खेटे घातले तरी एमएच-१५चा नंबर मिळणार नाही. कुणी एजंट ‘जुन्या गाडीच्या पेपरवर बसवून देतो’ म्हणाला तर तिथून उठायचं. चासी क्रमांकाची फसवणूक हा दंडाचा विषय नाही, गुन्ह्याचा आहे. नोंदणीच्या वर्गाप्रमाणेच चालवणाऱ्याचं लायसन पाहिजे, आणि ट्रॉली ओढायची तर तीही कागदावर यायला हवी.

नोंदणी न होणारं यंत्र घ्यायचंच असेल तर रस्ता विसरायचा. या मळ्यात खरं तर सोपा उपाय समोर होता: रस्त्यापलीकडे माल नेण्यापुरता, विमा असलेला ट्रॅक्टर किंवा पिकअप. एटीव्ही एकाच गटात राहील. खिंडीवर लोखंडी साखळी आणि कुलूप, किल्ली शेडमध्ये, आणि ‘ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही’ ही लेखी सूचना कामगारांच्या सहीसह मराठीत. काढणीच्या घाईत ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून साखळी काढली जाते, त्यामुळे किल्ली कुणाच्या ताब्यात आहे हे त्या साखळीपेक्षा महत्त्वाचं. शेवरी खिंडीच्या दोन्ही बाजूंनी छाटणं हे ट्रॅक्टरसाठीही गरजेचंच. ताशी पन्नासची वाहतूक आणि सात सेकंदांचं ओलांडणं धरलं तर शंभर मीटर तरी स्वच्छ दिसलं पाहिजे, नाहीतर झेंडा घेऊन माणूस उभा करायचा.

यंत्राच्या स्वतःच्या नुकसानीसाठी आणि चोरीसाठी यंत्रसामग्रीची पॉलिसी मिळू शकते, पण तिचा कामाचा भूभाग कुठला लिहिला आहे ते पाहायचं. दोन्ही गटांचे नंबर त्यात हवेत.

पाहुण्यांच्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ चं आहे आणि अशा उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था त्यात आहे. कृषी पर्यटन केंद्राची २०२० च्या धोरणाखालची नोंदणी म्हणजे एटीव्ही फेरीची परवानगी नव्हे. सोळाखालच्या मुलाला मोठ्या एटीव्हीवर चालवायला बसवायचं नाही, बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेतच तशी सूचना असते आणि ती मोडली की निष्काळजीपणा सिद्ध करणं सोपं जातं. ‘सर्व जबाबदारी माझी’ असा सही केलेला कागद पाहुण्याला धोके सांगितल्याचा पुरावा म्हणून उपयोगी, पण ब्रेक निकामी असताना गाडी दिली तर तो मालकाला वाचवत नाही.

फाइल

एका यंत्रासाठी एक फाइल. त्यात बिल, चासी आणि इंजिन क्रमांकाच्या पाटीचे फोटो, आयात केलेलं असेल तर विक्रेत्याकडून सीमाशुल्काच्या कागदाची प्रत, पुस्तिकेतलं ओढण्याच्या वजनमर्यादेचं पान, प्रस्तावपत्राची प्रत, पॉलिसीचं फक्त पहिलं पान नव्हे तर सगळ्या अटी, चालवणाऱ्यांच्या लायसनच्या प्रती मुदतीच्या तारखेसह, ब्रेक आणि टायर पाहिल्याची आठवड्याची नोंद. पॉलिसी संपण्याची तारीख बहुतेकांची खरेदीच्या महिन्याशी जुळते, आणि यंत्र हंगामात घेतलं असेल तर ती नेमकी काढणीच्या धामधुमीत येते. शक्य असेल तर नूतनीकरण महिनाभर आधीच उरकायचं.

आणि यंत्र विकताना. नोंदणी झालेलं असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत विक्री पुरी झाली असं समजायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या ‘नवीन कुमार’ निवाड्याप्रमाणे अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक, मग गाडी पुढे तीन हातांत गेलेली असो. नोंदणी नसलेलं असेल तर चासी क्रमांक, तारीख आणि वेळ, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही हे समजलं’ असं त्याच्या सहीने लिहिलेली विक्रीपावती दोन प्रतींत करायची. मूळ बिल तुमच्याच नावाचं आहे, आणि पोलीस चासी क्रमांकावरून आधी तुमच्याच दारी येणार आहेत.